नादाराच्या मुक्ततेला संमती देताना धनकोचे प्रतिज्ञापत्र : ठाणे-नवी मुंबईतील देणेकऱ्यांशी व्यवहार असणाऱ्यांसाठी

उधारी थकलेली असते, ऋणकोने न्यायालयात नादारीचा अर्ज केलेला असतो, न्यायालयाने त्याला नादार, म्हणजे देणी फेडण्यास असमर्थ, ठरवलेले असते, आणि मग एके दिवशी तो स्वतः किंवा त्याच्या वकिलांचा कारकून टंकलिखित कागद घेऊन आपल्या पेढीवर येतो. ‘शेठ, मुक्ततेला हरकत नाही एवढंच लिहिलंय, सही द्या, कोर्ट नाक्यावर नोटरी करून घेऊ.’ वाशीच्या बाजार समितीतील घाऊक व्यापारी, वागळे इस्टेटमधील सुटे भाग पुरवणारे कारखानदार, भावाला किंवा मित्राला हातउसने पैसे दिलेले नोकरदार अशा सर्वांसमोर हा कागद येऊ शकतो. पुष्कळ जण तो न वाचता सही करतात, कारण पैसे गेलेच आहेत, आता माणसाला कशाला अडवायचे, असा त्यांचा भाव असतो. हा भाव चांगला आहे. सही करण्याची ही पद्धत मात्र घातक आहे. मुक्तता म्हणजे नादाराला त्याच्या देण्यांतून सोडवणारा न्यायालयाचा आदेश, आणि त्याला संमती देणारा तो कागद म्हणजे शपथेवर दिलेली साक्ष असते. तिच्यातील प्रत्येक आकड्याला आणि प्रत्येक विधानाला सही करणारा जबाबदार असतो.

संमती द्यावी की देऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. द्यायचीच असेल तर ती कशी द्यावी, म्हणजे न्यायालयाला तिचा उपयोग होईल, ऋणकोला खरी मदत होईल आणि आपले उरलेसुरले हक्क अबाधित राहतील, हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी कायदा आणि न्यायालय निश्चित करावे

ठाणे जिल्ह्यात सर्वसामान्य व्यक्तीच्या नादारीला आजही प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० लागू आहे. वकील मंडळी त्याला प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट म्हणतात. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो कंपन्यांच्या कर्जाला व्यक्तिगत हमी देणाऱ्यांपुरताच. त्यामुळे ऋणको जर एखाद्या कंपनीचा जामीनदार म्हणून अडचणीत आला असेल, तर त्याचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे असू शकते आणि पुढील विवेचन त्याला लागू पडणार नाही. खाडीपलीकडे मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी शहरांचा नादारी कायदा आहे आणि तेथील अर्ज मुंबई उच्च न्यायालयात चालतात.

ऋणको सामान्यतः जेथे राहतो, धंदा करतो किंवा पोटासाठी काम करतो, त्या भागावर अधिकार असलेल्या न्यायालयात अर्ज चालतो. नवी मुंबईत याबाबत हमखास गोंधळ होतो. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतात. आपली पेढी वाशीला असली तरी गिऱ्हाइकाचे दुकान आणि घर खारघरला असेल, तर प्रकरण रायगड जिल्ह्यात सापडेल. प्रतिज्ञापत्राच्या शिरोभागी न्यायालयाचे नाव आणि प्रकरणाचा क्रमांक चुकला, तर कागद भलत्याच फाइलला लागतो किंवा लागतच नाही. म्हणून ऋणकोकडून प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाची ओळख पटवणारा क्रमांक, मागून घ्यावा, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर प्रकरण स्वतः उघडून पाहावे आणि पुढील तारीख टिपून ठेवावी. क्रमांक देण्यास कोणी टाळाटाळ करत असेल, तर सहीचा विचार तेथेच थांबवावा.

संमतीचे कायद्यातील स्थान

मुक्ततेसाठी अमुक इतक्या धनकोंची संमती हवीच, अशी अट १९२० च्या कायद्यात नाही. कलम ४१ प्रमाणे नादार अर्ज करतो, न्यायालय तारीख नेमून नोटीस काढते, धनकोंच्या हरकती आणि रिसीव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी, नेमलेला असल्यास त्याचा अहवाल विचारात घेते आणि मग स्वतःच्या विवेकाने आदेश देते. हा आदेश चार प्रकारचा असू शकतो : पूर्ण मुक्तता, मुक्ततेला नकार, ठरावीक मुदतीपर्यंत तहकूब ठेवलेली मुक्तता, किंवा पुढील कमाईबाबत अथवा नंतर मिळणाऱ्या मालमत्तेबाबत अटी घालून दिलेली मुक्तता.

येथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. कलम ३८ खाली ऋणको तडजोडीचा प्रस्ताव मांडू शकतो, म्हणजे रुपयामागे इतके पैसे देतो, बाकी सोडून द्या, अशा स्वरूपाचा. तेथे मात्र मोजणी होते : ज्यांचे कर्ज सिद्ध झाले आहे आणि जे स्वतः किंवा वकिलामार्फत हजर आहेत, अशा धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन-चतुर्थांश इतक्यांनी होकार दिला, तरच प्रस्ताव स्वीकारला गेला असे मानतात, आणि त्यानंतरही न्यायालयाची मान्यता लागतेच. समोर आलेला कागद मुक्ततेच्या संमतीचा आहे की तडजोड स्वीकारल्याचा, हे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि दोहोंचे परिणाम वेगळे आहेत.

मग मोजणीच नसेल, तर मुक्ततेच्या संमतीने साधते काय? याचे उत्तर कलम ४२ मध्ये आहे. काही गोष्टी सिद्ध झाल्या, तर न्यायालयाला पूर्ण मुक्तता नाकारावीच लागते. नादाराची मालमत्ता त्याच्या विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणे, म्हणजे निम्मीही भरत नसणे, ही त्यांतली पहिली बाब. नादारीपूर्वीच्या तीन वर्षांत धंद्याच्या रीतसर वह्या न ठेवणे, आपण बुडालो हे कळल्यावरही धंदा चालू ठेवणे, फेडीची वाजवी आशा नसताना कर्ज काढणे, मालमत्ता कोठे गेली याचा समाधानकारक हिशेब न देणे, सट्टा, जुगार किंवा उधळपट्टीने नादारी ओढवून घेणे, अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला झुकते माप देणे, पूर्वी एकदा नादार ठरलेले असणे, मालमत्ता लपवणे, ही इतर कारणे. आठ आण्यांच्या बाबतीत कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे : ही तूट आपला दोष नसलेल्या परिस्थितीमुळे आली, असे नादाराने न्यायालयाला पटवून दिले, तर ती आडवी येत नाही.

धनकोची शपथेवरील संमती मोलाची ठरते ती याच ठिकाणी. ‘माझी हरकत नाही’ हे एक वाक्य न्यायाधीशांना फारसे काही सांगत नाही. पण ज्या घाऊक व्यापाऱ्याने एखाद्या घणसोलीच्या किराणा दुकानदाराला अनेक वर्षे माल दिला, दर महिन्याला त्याची वही आपल्या खात्याशी ताडून पाहिली, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून त्याची उचल कशी घटत गेली हे स्वतः पाहिले, त्याने एवढेच जरी नेमकेपणाने शपथेवर सांगितले, तरी न्यायालयाला ठोस आधार मिळतो. मदतच करायची असेल, तर आपल्याला माहीत असलेले सत्य लिहावे. नुसत्या सदिच्छेने ऋणकोचे काम होत नाही.

सहीपूर्वी फाइल वाचणे आणि कर्ज सिद्ध करणे

तीन कागद पाहिल्याशिवाय प्रतिज्ञापत्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नादार ठरवल्याचा आदेश, कलम ३३ खाली तयार झालेली धनकोंची अनुसूची, म्हणजे यादी, आणि रिसीव्हरचा अहवाल, हे ते तीन कागद. नक्कल विभागात अर्ज करून त्यांच्या प्रमाणित प्रती मिळतात.

आदेशात कलम २७ प्रमाणे एक मुदत दिलेली असते, ज्या मुदतीत नादाराने मुक्ततेचा अर्ज करायचा असतो. न्यायालय ही मुदत वाढवू शकते; पण मुदत टळली आणि वाढही मिळाली नाही, तर कलम ४३ खाली नादारीचा आदेशच रद्द होण्याची वेळ येते. अशा प्रकरणात संमती देण्यापूर्वी आपल्या वकिलांशी बोलावे, कारण नादारी रद्द झाली, तर आपला वसुलीचा मार्ग पुन्हा मोकळा होऊ शकतो.

अनुसूचीत आपले नाव आणि रक्कम आहे का, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे. नसेल, तर आधी कर्ज सिद्ध करावे लागते. त्याची पद्धत कलम ४९ मध्ये सोपी ठेवली आहे : कर्जाला पुष्टी देणारे प्रतिज्ञापत्र न्यायालयात द्यावे किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवावे, त्यात खात्याचा तपशील असावा किंवा सोबत जोडावा, आणि ज्या पावत्यांनी, बिलांनी कर्ज शाबीत होईल त्यांचा उल्लेख करावा. नादार मुक्त होण्यापूर्वी केव्हाही अनुसूचीत नाव घालण्यासाठी अर्ज करता येतो.

‘पैसे मिळायचे नाहीतच, मग कशाला सिद्ध करायचे’ असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मुक्ततेच्या आदेशाने सिद्ध होऊ शकणारी सर्व कर्जे सुटतात. आपण कर्ज सिद्ध केले नव्हते म्हणून ते शाबूत राहील, असे होत नाही. दुसरे म्हणजे, पुढे नादारी रद्द झाली, तर मधला काळ वसुलीचा दावा करण्याच्या मुदतीच्या गणनेतून वगळण्याची सवलत कलम ७८ देते, पण ती सिद्ध केलेल्या कर्जालाच. जो गप्प बसला, त्याची मुदत मधल्या काळात संपून गेलेली असू शकते.

कर्ज सिद्ध करण्याचे आणि संमतीचे अशी दोन स्वतंत्र प्रतिज्ञापत्रे करावीत. एकाच कागदात दोन्ही बसवता येते, आणि खर्च वाचावा म्हणून काही जण तसे करतातही. पण संमतीवर वाद झाला की आकड्यावरही शंका घेतली जाते, आणि आकड्यात दुरुस्ती करायची वेळ आली की संमतीचा कागदही बदलावा लागतो.

आकडा

संमतीच्या प्रतिज्ञापत्रात जो भाग घाईने लिहिला जातो आणि जो पुढे सर्वाधिक अडचणीत आणतो, तो म्हणजे येणे रकमेचा परिच्छेद. त्यासाठी एक कल्पित खाते पुढे ठेवतो. घाऊक व्यापाऱ्याने दुकानदाराला एकूण ६,८५,००० रुपयांचा माल दिला. त्यापोटी २,४०,००० रुपये आले. दुकान बंद करताना ३५,००० रुपयांचा तांदूळ परत आला. म्हणजे नादार ठरल्याच्या तारखेला येणे ४,१०,००० रुपये. त्यानंतर दुकानदाराच्या मेहुण्याने स्वतःच्या खात्यातून यूपीआयने १०,००० रुपये पाठवले. आता कागदावर काय यावे?

व्यापाऱ्याच्या मनात ‘सहा-सात लाखांना बुडालो’ हा आकडा असतो, कारण त्याने तेवढा माल दिलेला असतो. ऋणकोच्या वकिलांनी टंकून आणलेल्या मसुद्यात नादारीच्या अर्जातला जुना आकडा असतो, ज्यात परत आलेला तांदूळ धरलेला नसतो. आणि मेहुण्याचे दहा हजार कोणालाच लिहावेसे वाटत नाहीत. बरोबर मांडणी अशी : नादार ठरल्याच्या तारखेस येणे ४,१०,०००, त्यानंतर अमुक तारखेस अमुक व्यक्तीकडून तिच्या खात्यातून मिळालेले १०,०००, आज येणे ४,००,०००. परत घेतलेला माल, वळती केलेली रक्कम, दुसऱ्या खात्यात जमा धरलेले पैसे, हे सारे तारखेसह यावे. आपणही ऋणकोला काही देणे लागत असू, तर परस्पर वजावट करून उरणारी बाकीच लिहावी. कलम ४६ मध्ये तशीच तरतूद आहे.

व्याजाबाबत मनाला येईल तो दर लावता येत नाही. व्याज ठरलेलेच नसेल, तर कलम ४८ प्रमाणे दरसाल शेकडा सहापर्यंतच आणि नादार ठरल्याच्या तारखेपर्यंतच व्याज मागता येते. कर्ज लेखी दस्ताने ठरल्या तारखेला देय नसेल, तर व्याज घेऊ अशी लेखी मागणी केल्यापासूनच ते सुरू होते. बिलाच्या तळाशी छापलेला ‘उशिरा भरल्यास २४ टक्के’ हा मजकूर दुसऱ्या बाजूने मान्य केला होता याचा पुरावा नसेल, तर त्यावर विसंबून शपथ घेऊ नये.

मुदतीचेही पाहावे. मालाच्या येण्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली असेल किंवा अंशतः रक्कम आली असून त्याची ऋणकोच्या हातची अथवा सहीची नोंद असेल, तर नवी मुदत सुरू होते. असा पुरावा असल्यास तो प्रतिज्ञापत्रातच नमूद करावा. तो व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश किंवा बँकेचा ऑनलाइन उतारा असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र सोबत जोडावे.

‘माफ केले’ हे शब्द लिहू नयेत

बहुतेक तयार मसुद्यांत असे एक वाक्य असते : ‘मी सदर कर्ज माफ केले असून माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही.’ दिसायला निरुपद्रवी असलेले हे वाक्य धनकोचे मोठे नुकसान करू शकते.

मुक्ततेच्या आदेशाने फक्त नादार सुटतो. त्याचा भागीदार, सहकर्जदार किंवा जामीनदार सुटत नाही, असे कलम ४४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे दुकानदाराच्या उधारीला त्याच्या भावाने लेखी हमी दिली असेल, तर दुकानदार मुक्त झाल्यावरही भावाकडे जाता येते. मात्र धनकोने स्वतः ऋणकोशी करार करून त्याला सोडून दिले, तर करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३४ प्रमाणे जामीनदारही सुटतो. ‘माफ केले’ या वाक्याचा आधार घेऊन जामीनदार उद्या नेमके हेच म्हणेल. न्यायालयाने कायद्याने दिलेली मुक्तता आणि आपण स्वखुशीने दिलेली माफी, यांतली सीमारेषा आपल्या हातानेच पुसली जाते.

त्याऐवजी शब्दरचना अशी असावी : ‘सदर नादार यांच्या कलम ४१ खालील अर्जावर मा. न्यायालयाने योग्य वाटेल तो मुक्ततेचा आदेश पारित करण्यास माझी हरकत नाही. या संमतीमुळे मी माझे येणे माफ केलेले नाही, तसेच भागीदार, सहकर्जदार, जामीनदार व तारण यांविरुद्धचे माझे हक्क मी सोडलेले नाहीत.’

तारण असेल, तर त्याविषयी वेगळा परिच्छेद हवाच. नादारीमुळे तारणावरचा हक्क जात नाही. पण कर्ज सिद्ध करताना तारण विकून उरलेल्या बाकीपुरते सिद्ध करायचे, तारणाची किंमत सांगून बाकी सिद्ध करायची, की तारण सोडून देऊन पूर्ण रक्कम सिद्ध करायची, हे कलम ४७ प्रमाणे ठरवावे लागते. एखाद्याने गाडी किंवा यंत्र गहाण असताना पूर्ण रक्कम लिहून टाकली, तर तारण सोडल्याचा अर्थ निघू शकतो.

धनादेश न वटल्याची फौजदारी तक्रार चालू असेल, तर ती नमूद करावी आणि तिचा या संमतीशी संबंध नाही, असे एका वाक्यात लिहावे. ती मागे घेण्याचे आश्वासन या कागदात कधीही येऊ देऊ नये.

काही घेतले नाही, कबूल करून घेतले नाही

माझ्या मते संपूर्ण प्रतिज्ञापत्रातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हाच, आणि तयार मसुद्यांत तोच बहुधा गाळलेला असतो. संमती देणाऱ्याने शपथेवर सांगावे की, या संमतीच्या बदल्यात त्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला रोख, वस्तू, धनादेश, नोकरी, भागीदारी किंवा पुढे देण्याचे वचन, यांपैकी काहीही नादाराकडून अथवा त्याच्या वतीने अन्य कोणाकडून मिळालेले नाही. एकोणिसाव्या शतकात न्यू यॉर्क राज्याच्या नादारी कायद्यात रकमेने दोन-तृतीयांश धनकोंनी साथ दिल्यावर ऋणकोला मुक्तता मिळत असे, आणि अशा प्रत्येक धनकोला आपले येणे खरे असल्याची आणि या साथीसाठी कोणतेही पैसे वा बक्षीस न घेतल्याची शपथ घ्यावी लागे. आपल्या कायद्यात असा ठरीव नमुना नाही. तरीही त्यामागचे कारण येथेही तितकेच खरे आहे : एकाने गुपचूप पन्नास हजार घेऊन सही केली, तर तो पैसा बाकीच्या सर्वांच्या वाट्यातून गेलेला असतो.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. नादार ठरल्यावर त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि मुक्ततेपूर्वी त्याला जे नव्याने मिळेल तेही कलम २८ प्रमाणे तिकडेच जाते. म्हणजे ‘सही द्या, दिवाळीनंतर तुमचे तुम्हाला वेगळे देतो’ असे म्हणणारा माणूस ज्या पैशाची भाषा करतो, तो पैसा बहुधा द्यायला त्याचा नसतोच. असा खासगी करार न्यायालयात टिकणारा नाही. उलट शपथेवर ‘काही मिळाले नाही’ असे लिहून मागाहून पैसे घेतल्याचे उघड झाले, तर न्यायालयीन कामकाजात खोटा पुरावा दिल्याबद्दल भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या उदाहरणातील मेहुण्याचे दहा हजार याच कारणासाठी उघडपणे लिहायचे. ते स्वतंत्रपणे, संमतीशी निगडित नसताना दिले असतील, तर तसे स्पष्ट लिहावे. संमतीसाठीच दिले असतील, तर वकिलांच्या सल्ल्याने ते परत करून मगच संमतीचा विचार करावा.

नात्याचाही उल्लेख करावा. नादाराचा मेहुणा, चुलतभाऊ किंवा माजी भागीदार धनको म्हणून संमती देत असेल, तर त्यात गैर काही नाही; नाते लपवले, तर मात्र खरे कर्जही बनावट वाटू लागते.

मसुद्याचा क्रम आणि सही कोणाची

वरच्या बाजूस न्यायालय, प्रकरण क्रमांक आणि पक्षकार आल्यावर सुरुवात नेहमीच्या रीतीने करावी : ‘मी, अमुक, वय अमुक वर्षे, धंदा व्यापार, राहणार कोपरखैरणे, नवी मुंबई, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की…’ त्यानंतर क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत आपण धनको कसे, अनुसूचीतील आपला क्रमांक, येणे रकमेचा तपशील, तारण व जामीन, नाते, काही न घेतल्याचे विधान, नादाराच्या वागणुकीविषयी स्वतःला माहीत असलेल्या गोष्टी आणि शेवटी संमतीचे वाक्य यावे. मुक्ततेचा अर्ज आणि रिसीव्हरचा अहवाल वाचून, समजून ही संमती देत आहे, हेही लिहावे. अर्थात खरोखर वाचले असेल तरच.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९ प्रमाणे प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीतल्या गोष्टीच याव्यात. ‘नादार अत्यंत प्रामाणिक असून त्यांच्याकडे कोणतीही मालमत्ता नाही’ हे वाक्य कोणत्याही धनकोला शपथेवर लिहिता येणार नाही, कारण दुसऱ्याची सगळी मालमत्ता त्याला माहीत असणे शक्य नाही. ‘माझ्या व्यवहारात त्यांनी मालाची मोजणी किंवा हिशेब यांत फसवल्याचे मला आढळले नाही’ हे मात्र लिहिता येते, आणि उलटतपासणीतही टिकते. कागदपत्रांवरून कळलेली गोष्ट ‘अभिलेखावरून खरी मानतो’ अशी वेगळी दाखवावी.

सही ज्याचा व्यवहार त्याची. भागीदारी पेढीसाठी भागीदार, एकत्र कुटुंबाच्या धंद्यासाठी कर्ता, कंपनीसाठी संचालक मंडळाच्या ठरावाने अधिकार दिलेली व्यक्ती. पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्याने संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय संमती देऊ नये. तो पैसा सभासदांचा असतो. मुखत्यारपत्रधारकाला दुसऱ्याच्या वैयक्तिक माहितीतल्या गोष्टींची शपथ घेता येत नाही, त्यामुळे परदेशी असलेल्या आईऐवजी मुलगा सही करणार असेल, तर तो फक्त स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टींपुरतेच सांगू शकतो.

ठाणे जिल्हा न्यायालयात मराठी चालते, म्हणून कागद मराठीत करावा. इंग्रजी मसुद्यावर सही करायची वेळ आलीच आणि सही करणाऱ्याला इंग्रजी नीट येत नसेल, तर मजकूर त्याच्या भाषेत वाचून समजावून सांगितल्याची नोंद शेवटी असलीच पाहिजे.

शपथ आणि दाखल करणे

शपथ नोटरीसमोर किंवा न्यायालयाने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर घेता येते. घरून सही करून पाठवलेल्या कागदावर शिक्का मारून आणणे ही शपथ नव्हे. स्वतः जावे, ओळखपत्र मूळ प्रतीसह न्यावे, नोटरीसमोर सही करावी आणि त्यांच्या नोंदवहीतही सही करावी. प्रत्येक पानावर सही हवी, खाडाखोडीवर छोटी सही हवी, आणि तारीख किंवा रक्कम यांच्या मोकळ्या जागा भरल्याशिवाय सही करू नये. न्यायालयात दाखल करण्यासाठीच केलेल्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्कातून सूट आहे, त्यामुळे ‘पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा’ असे कोणी सांगितले, तर कारण विचारावे.

सही केलेला मूळ कागद ऋणकोच्या हाती सोडू नये. आपल्या वकिलांमार्फत किंवा स्वतः तो दाखल करावा, एक प्रत रिसीव्हरला द्यावी आणि दाखल झाल्याची पोच ठेवावी. सुनावणीला शक्यतो हजर राहावे. दुसऱ्या एखाद्या धनकोने मागणी केली, तर न्यायालय आपल्याला उलटतपासणीसाठी बोलावू शकते, म्हणून खातेवही, बिले आणि बँकेचे उतारे त्या दिवशी सोबत असावेत.

प्रतिज्ञापत्र दिल्यानंतर नवी माहिती कळली, उदाहरणार्थ नादाराने अर्जाच्या आधी वर्षभरात गावाकडची जमीन नातेवाइकाच्या नावे केल्याचे समजले, तर आदेश होण्यापूर्वी पूरक प्रतिज्ञापत्र करून ती न्यायालयासमोर आणावी आणि त्या माहितीअभावी आधीची संमती दिली होती, असे स्पष्ट लिहावे. नादारीपूर्वीच्या दोन वर्षांतील, योग्य मोबदल्याविना झालेली हस्तांतरणे कलम ५३ खाली रद्द होऊ शकतात आणि ती मालमत्ता सर्व धनकोंच्या वाटपात येऊ शकते. म्हणून ही माहिती रिसीव्हरलाही लेखी कळवावी.

आदेश झाल्यानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत लगेच काढावी आणि ती पूर्ण, तहकूब की सशर्त आहे, हे पाहावे. सशर्त असेल, तर दरमहा किती रक्कम कोणाकडे जमा व्हायची आहे, याची नोंद ठेवावी. रिसीव्हरच्या ताब्यात आधी आलेली मालमत्ता मुक्ततेनंतरही वाटपासाठीच राहते. आपला वाटा मिळवण्यासाठी पत्ता आणि बँक खाते त्याच्याकडे अद्ययावत असावे. सरकारी देणी, नादार स्वतः सामील असलेल्या लबाडीतून किंवा विश्वासघातातून उद्भवलेले देणे आणि पोटगीच्या आदेशाखालील देणे मुक्ततेने सुटत नाही. त्यामुळे आपले येणे लबाडीतून उद्भवलेले आहे असे वाटत असेल, तर ते संमती देण्यापूर्वीच प्रतिज्ञापत्रात मांडलेले हवे. जिल्हा न्यायालयाच्या आदेशावर उच्च न्यायालयात अपील होऊ शकते. पण ज्याने स्वतः शपथेवर संमती दिली, त्याला त्या आदेशाने आपल्यावर अन्याय झाला, असे म्हणायला फारशी जागा राहत नाही. जामीनदाराकडे वसुलीसाठी जायचे असल्यास त्याच्या हमीपत्राची मुदत तपासून नोटीस त्याच महिन्यात पाठवावी, आणि तिच्यासोबत आपल्या संमती प्रतिज्ञापत्राची प्रत जोडावी, म्हणजे ‘तुम्ही तर माफ केले होते’ या उत्तराला तेथेच उत्तर मिळते.